गल्लीतलं पार्किंग: आधी मोजा, मग भांडा

प्रश्न: आमच्या रस्त्यावर तीसेक घरं आहेत. एका बाजूला सकाळी ८ ते रात्री ८ पार्किंग बंद करण्याचा प्रस्ताव आला आहे. निम्म्या लोकांना तो हवा आहे, उरलेले विचारतात, गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या? बैठकीत नुसता आरडाओरडा होतो. कुणाचं बरोबर, हे ठरवायचं कसं?

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोघं वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलत असतात. दिवसभर घरी असणाऱ्याला बाहेरून येऊन उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतात. रात्री नऊला परतणाऱ्याला जागा मिळत नाही ती शेजाऱ्यांच्याच गाड्यांमुळे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एका फलकाने दोन्ही बरी होणार नाहीत. त्यामुळे आधी मोजणी करा.

मोजायला दोन माणसं पुरतात, पण एक प्रस्तावाच्या बाजूचा घ्या आणि एक विरोधातला. दोघांनी बरोबरच फिरायचं, म्हणजे आकडे कुणी फिरवले यावरून नवा वाद नको. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार धरा, सुट्ट्यांचा आठवडा टाळा. दिवसाला चार फेऱ्या: पहाटे ५, सकाळी ११, दुपारी ४, रात्री ९. प्रत्येक गाडीच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे आणि ती कुठे उभी आहे, एवढंच लिहा. तक्ता तयार झाला की मूळ कागद फाडून टाका.

आता तक्ता वाचा. पहाटे ५ ला दिसलेली गाडी बहुधा रहिवाशाची. पहाटे नाही, पण ११ लाही आहे आणि ४ लाही, ती बाहेरची आणि दिवसभर मुक्काम ठोकणारी. एकाच फेरीत दिसलेली पाहुण्यांची किंवा कामापुरती आलेली.

दुसरी मोजणी जागेची, आणि तीच जास्त चुकते. समजा एका बाजूची लांबी १५० मीटर आहे. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांजवळचे १०-१० मीटर सोडले आणि प्रत्येकी साडेतीन मीटरची १२ फाटकं वजा केली, तर ८८ मीटर उरतात. एका मोटारीला मागेपुढे करायच्या जागेसह ६ मीटर धरले तर हिशेब येतो १४ गाड्यांचा. प्रत्यक्षात जेमतेम दहा मावतात, कारण हे ८८ मीटर सलग नसतात. दोन फाटकांमधल्या ९ मीटरच्या तुकड्यात एकच गाडी राहते आणि ४ मीटरच्या तुकड्यात एकही नाही. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. ४ मीटरचे हे फुटकळ तुकडे दुचाक्यांना द्या. आडव्या लावल्या तर तिथे चार सहज बसतात आणि एखाद्या मोटारीची जागा अडवायच्या थांबतात. कोपऱ्यांवरच्या १० मीटरमध्ये मात्र दुचाकीही नको, वळणाऱ्याला समोरचं दिसलं पाहिजे.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निर्णयाची दिशा कळते. दिवसा मुक्काम ठोकणाऱ्या गाड्या जास्त असतील तर बारा तासांची बंदी म्हणजे मुंगी मारायला हातोडा. सकाळी ११ ते १२ असा एकच तास बंद ठेवला तरी दिवसभरासाठी गाडी सोडून जाणाऱ्याची सोय संपते आणि रहिवाशांना फारसा त्रास होत नाही. त्या तासात तपासणी मात्र खरोखर व्हायला हवी. उलट, पहाटे ५ लाच रस्ता रहिवाशांच्या गाड्यांनी भरलेला असेल, तर दिवसाच्या बंदीचा रात्रीशी काही संबंध नाही.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांच्यामुळे रूढ झालेला एक ठोकताळा आहे: रस्त्यावरच्या ८५ टक्क्यांच्या आसपास जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे सातातली एक रिकामी. तो मुख्यतः गजबजलेल्या व्यापारी रस्त्यांना लागू आहे. राहत्या गल्लीत रात्री यापेक्षा जास्त भरलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तिथे गाड्यांची ये-जा कमी असते.

प्रश्न: रहिवाशांना परवाना दिला की प्रश्न मिटेल, असं काही जण म्हणतात. खरं आहे का?

बाहेरच्या गाड्या हे दुखणं असेल तर बऱ्याच अंशी मिटेल. नसेल तर नाही. परवाना म्हणजे राखीव जागा नव्हे, जागा शोधायची मुभा. २० जागा आणि ३४ परवाने असतील तर तुमच्या खिशात परवाना असूनही तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावाल. परवाने माणशी न देता घरटी द्या आणि दुसऱ्या गाडीचा परवाना जागा उरली तरच द्या. भाडेकरूंना वगळू नका. पाहुण्यांच्या चिठ्ठीवर तारीख आणि गाडीचा नंबर हवाच, कोऱ्या चिठ्ठ्या हातोहात फिरतात. घरी येणारी परिचारिका आणि दुरुस्तीवाला यांची सोय पहिल्या दिवसापासून करा. योजना बदनाम होते ती नेमकी या अडचणींमुळे.

प्रश्न: आमचा रस्ता ७ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. अग्निशमन बंब आला तर?

मोटारीसाठी साधारण २ मीटर धरतात. दोन्ही बाजूंचे मिळून ४ गेले, उरले ३. बंबाचं अंगच अडीच मीटरच्या आसपास, त्यात बाहेर आलेले आरसे. शिवाय दारं उघडून माणसं उतरायला हवीत. मधली मोकळी वाट साडेतीन मीटरहून जास्त ठेवावी, वळणावर आणखी जास्त. तुमच्या रस्त्यावर एकाच बाजूला पार्किंग हवं, यात मतदानाचा प्रश्नच येत नाही. पायऱ्यांवर मोजपट्टी टाकू नका, गाडी चालवता येईल एवढाच रस्ता मोजा. उघडी गटारं आणि विजेचे खांब वगळा.

कोणती बाजू ठेवायची? ज्या बाजूला फाटकं कमी, ती. वळणाची आतली बाजू आणि आग विझवायच्या पाण्याचा नळ मोकळा सोडा. एक इशारा: एक बाजू साफ रिकामी झाली की सरळ रस्त्यावर वेग वाढतो. रस्ता लांब असेल तर अर्ध्यापर्यंत डावीकडे आणि पुढे उजवीकडे पार्किंग ठेवा, मधल्या वळशाने वाहनं आपोआप हळू होतात. बदलाच्या ठिकाणी बंब वळेल एवढी जागा मात्र रिकामी सोडा.

प्रश्न: मग सम-विषम तारखा का नकोत? त्याने दोन्ही बाजूंना समान न्याय होतो.

न्याय होतो, पण मध्यरात्री गाडी हलवायला कोण उठणार? बाजू बदलण्याच्या वेळी दोन्हीकडे गाड्या लागतात आणि बंबाची वाट नेमकी तेव्हाच बंद होते. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणून महिन्याच्या तोंडी गोंधळ ठरलेला. करायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, संध्याकाळी ७ ते ८ या वेळात बाजू बदला.

प्रश्न: शेजारी घरासमोर कुंड्या आणि दगड ठेवून जागा अडवतात. विचारलं तर म्हणतात, घर माझं, समोरची जागा माझी.

सार्वजनिक रस्ता असेल तर समोरची जागा त्यांची नाही. हक्क आहे तो फाटकातून आत-बाहेर करण्याचा. त्यांचं फाटक सतत अडवलं जातंय का, ते आधी विचारा. तसं असेल तर फाटकासमोर रंगाचे पट्टे मारून घ्या, कुंड्या बहुधा आपसूक हटतात.

प्रश्न: हरकत नोंदवायची आहे. साठ सह्या गोळा केल्या आहेत. पुरेसं आहे?

एकाच घरातल्या पाच सह्या वाचणाऱ्याला लगेच कळतात. घरटी एक सही घ्या, तीस घरांपैकी किती ते लिहा. ‘गैरसोय होते’ हे सगळेच लिहितात, त्याऐवजी मोजणीचा तक्ता, मापांसह नकाशा आणि नेमकी मागणी जोडा: ‘८ ते ८ ऐवजी ११ ते १२ करावी, सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर’. आजूबाजूच्या, पाच मिनिटं चालत जाता येईल अशा गल्ल्यांचीही मोजणी जोडा, कारण इथून हटलेल्या गाड्या तिथेच जाणार आहेत. सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजायचं, हेही अर्जातच लिहा. मुदतीची तारीख पाहा आणि पोच घ्या.

प्रश्न: प्रत्येक गाडीचा चौकोन आखावा की एकच सलग रेषा?

गाड्या लहान-मोठ्या असतील तर सलग रेषा. ६ मीटरच्या चौकोनात चार मीटरची गाडी उभी राहिली की उरलेले दोन मीटर फुकट जातात. पण सलग रेषेत लोक पुढच्या गाडीपासून दीड-दीड मीटर सोडून लावतात आणि चारांच्या जागी तीनच मावतात. म्हणून फक्त तुकड्यांच्या दोन टोकांना ठळक आडव्या रेघा मारा आणि पहिली गाडी अगदी रेघेला भिडवून लावायची, असा नियम करा.