पॅनपासून सुरुवात करताना

पॅन म्हणजे ग्रीक पुराणकथांतला मेंढपाळांचा देव. त्याच्यासाठी आधी प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावरचं १९ वं स्तोत्र वाचा, जेमतेम ४९ ओळींचं आहे. हर्मीसचा मुलगा, बोकडाचे पाय, शिंगं, सगळं तिथंच सापडेल. ‘पॅन म्हणजे सर्व’ ही त्यातली व्युत्पत्ती मात्र खरी धरू नका. तो ग्रीकमधल्या ‘सर्व’ अर्थाच्या शब्दावरचा खेळ आहे.

मग ग्रीक इतिहासकार हिरोडोटस, सहावा खंड, परिच्छेद १०५. इ.स.पू. ४९० मध्ये स्पार्टाकडे धावणाऱ्या अथेन्सच्या निरोप्याला पॅन तेगेया शहरावरच्या डोंगरात हाक मारतो. अर्केडिया प्रांतातल्या मेंढपाळांचा देव अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीखालच्या गुहेत कसा आला, ते इथं कळतं. फार सुंदर उतारा आहे हा, सावकाश वाचा.

हमखास घोळ सॅटरचा, म्हणजे ग्रीक कथांतल्या अर्ध्या माणूस-अर्ध्या पशू वनचराचा होतो. जुन्या ग्रीक भांड्यांवर त्याला घोड्याचे कान नि शेपूट असते. बोकडाचे पाय त्याला पुढे पॅनवरून आले. पॅनशी जोडल्या जाणाऱ्या रोमन रानदेवाची, फॉनसची टिपणं वेगळ्या वहीत ठेवा.