बीळ करणाऱ्या माशासाठी वाळू: आधी बरणीत करून बघा

तुमचा प्रश्न असा: खाऱ्या पाण्याचा टँक ६० × ३५ × ३६ सेंटिमीटरचा, म्हणजे काठोकाठ भरला तर ७५ लिटर. त्यात यलो वॉचमन गोबी हा मासा आणि टायगर पिस्टल श्रिंप ही कोळंबी यांची जोडी ठेवायची आहे, जमलंच तर नंतर एक यलोहेड जॉफिश. मित्र म्हणतो किहीमच्या किनाऱ्यावरून दोन पोती वाळू आणू, दुकानदार क्रश्ड कोरल (प्रवाळाचा जाड चुरा) गळ्यात मारतोय, आणि कुठल्याशा व्हिडिओत कुणी सांगितलंय की वाळूच नको, तळ उघडा ठेवा.

व्हिडिओवाल्याला आधी निरोप देऊ. तळ उघडा ठेवतात ते जोरदार प्रवाह सोडून प्रवाळ वाढवणारे लोक. त्यांना वाळू उडते म्हणून नको असते. तुम्ही घेताय ते दोन्ही जीव बिळात जगणारे. त्यांच्यासाठी वाळू ही सजावट नाही, ते घर आहे. तेव्हा वाळू कुठल्या कंपनीची हे नंतर बघू. आधी दाणा.

इथे एक गंमत सांगून ठेवतो. परदेशी पिशव्यांवर आणि लेखांत 'शुगर साइज' असा शब्द येतो आणि आपली माणसं डब्यातली साखर डोळ्यांसमोर आणतात. अमेरिकन साखर आपल्या साखरेच्या निम्म्या जाडीची असते. त्यांची शुगर साइज म्हणजे आपला बारीक रवा, साधारण अर्धा मिलिमीटर. आपली साखर १ ते २ मिलिमीटरमध्ये जाते. क्रश्ड कोरल म्हणून जे मिळतं ते साबुदाणा आणि त्याहून मोठं. आणि पांढऱ्या रांगोळीसारखी जी वाळू मिळते ती तर घेऊच नका. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) चालू केला की टँकमध्ये धुकं.

मग बारीक रवा घेतला की झालं का? नाही. माझा सगळा मुद्दा इथेच आहे. एकाच जाडीच्या गोल दाण्यात बीळ टिकत नाही. गव्हाच्या पोत्यात हात घालून काढा, खड्डा राहतो का? बीळ टिकतं ते मिसळीमुळे. खाली बारीक वाळू, मधे जाडसर दाणे, आणि छताला आडवे बसतील असे शिंपल्याचे चपटे तुकडे.

ही कोळंबी काम करताना एकदा समोर बसून बघा. दोन्ही नांग्या पुढे धरून वाळूचा ढीग ढकलत ती बिळाबाहेर येते, अगदी बुलडोझर. तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की दोघं आत. धोका टळला की ती परत बाहेर येते, शिंपल्याचा एक तुकडा उचलते, तोंडाशी टेकवते, काढते, फिरवून पुन्हा बसवते. मग त्याच्या फटीत बारका खडा. कोकणात गडगा रचणारा गडी मोठ्या दगडांच्या मधे चिपा ठोकतो ना, तेच. चुना-सिमेंट काही नाही, सगळी करामत लहानमोठ्या दगडांची. त्या गड्याला नुसते लिंबाएवढे गोल गोटे देऊन बघा गडगा घालायला.

माझ्या पहिल्या टँकमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. दुकानात सांगितलं म्हणून ३ ते ५ मिलिमीटरचं क्रश्ड कोरल भरलं, पाच सेंटिमीटर. कोळंबी रात्रभर उकरायची आणि सकाळी खड्डा बुजलेला. उरलेलं खाणं त्या मोठ्या दाण्यांच्या फटींत जाऊन कुजायचं, नायट्रेट काही केल्या उतरेना. गोबी दगडाच्या मागे फिक्का पडून बसलेला. महिनाभर मी माशालाच नावं ठेवली.

तुम्ही तसं करू नका, त्याआधी हा प्रयोग करा. कॉफीची रिकामी काचेची बरणी घ्या. जी वाळू घ्यायचा विचार आहे तिचा आठ सेंटिमीटर थर, वर पाणी, दहा मिनिटं बसू द्या. आता काचेला लागून एक पेन्सिल तिरकी खुपसा आणि हळूच काढा. नुसती एकसारखी वाळू असेल तर पेन्सिलीमागोमाग भोक मिटतं. मग त्याच वाळूत चौथा हिस्सा जाड दाणे आणि तुकडे मिसळा, पेन्सिलीच्या वर दोन-तीन चपटे तुकडे आडवे येतील असे बसवा आणि परत काढा. भोक पूर्ण राहत नाही, पण तुकडा छतासारखा अडकतो आणि त्याच्याखाली पोकळी दिसते. तेवढी पोकळी कोळंबीला पुरते, पुढचं ती बघते.

आता तुमच्या टँकचा हिशोब. तळ २१०० चौरस सेंटिमीटर. थर आठ सेंटिमीटरचा धरा, म्हणजे जवळपास १७ लिटर वाळू. कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू (टँकसाठी मिळते ती कॅल्शियम कार्बोनेटची) लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे २५ किलो. त्यातली १२ लिटर बारीक रव्याएवढी, ३ लिटर साखरेएवढी, आणि उरलेली २ लिटर अर्ध्या ते दीड सेंटिमीटरचे तुकडे. मोजमाप सोनाराचं नाही, पेल्याचं. थोडं इकडेतिकडे चालतं. एक मात्र ध्यानात घ्या: इतकी वाळू घातल्यावर ७५ लिटरच्या टँकमध्ये पाणी राहतं ५५ लिटरच्या आसपास. मीठ आणि औषधं त्या हिशोबाने. आणि स्टँड शंभर किलोच्या वर वजन पेलतोय ना ते आधीच बघून घ्या.

तुकडे विकत आणायची गरज नाही. तिसऱ्या आणल्या की शिंपल्या टाकू नका. मात्र कालवणातल्या नकोत, मसाल्याचं तेल आणि हळद काही केल्या निघत नाही. नुसत्या वाफवून उघडलेल्या घ्या. मांसाचा कण न ठेवता ब्रशने घासा, उकळा, आठवडाभर कडक उन्हात टाका. मग फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोका आणि तुकडे बादलीत जाड वाळूबरोबर खळाखळा हलवा, म्हणजे धारेच्या कडा मरतात. बोट फिरवून खरचटलं तर अजून हलवा. शेजारी विचारतील काय चाललंय, त्याला इलाज नाही.

किहीमच्या वाळूचं सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत बेसाल्टचे काळसर कण, गाळ आणि शिंपल्यांचा चुरा असा सगळा मेळ असतो. त्यात पावसाळ्यात मुंबई-अलिबागपासून गोव्यापर्यंत डांबराच्या गोळ्या किनाऱ्याला लागतात, त्या तुम्हीही पायाला चिकटवून घेतल्या असतील. तेलाचा तो अंश धुऊन जात नाही. रत्नागिरीकडची काळी वाळू दिसायला झकास, पण तिच्यात इल्मेनाइट हे लोखंड असलेलं खनिज असतं. काच पुसायच्या चुंबकाला ते कण चिकटले की काचेवर ओरखडे, कायमचे. शिवाय वाळू उपशावर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत ते वेगळंच. दोन पोती वाळू वाचवायला इतका व्याप कशाला?

क्रश्ड कोरलबद्दल दुकानदाराला माल कुठून येतो ते विचारा. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातून उचललेलं 'लाइव्ह रॉक' (जिवंत सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड) आणि प्रवाळांचा चुरा कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका. बाहेरून रीतसर आलेली, सीलबंद पिशवीतली अ‍ॅरागोनाइट वाळू महाग पडते, पण एकदाच घ्यायची असते. बहामाकडची ऊलाइट वाळू मिळाली तर उत्तम. तिचा दाणा घासून नव्हे तर मुळातच गोल घडलेला असतो.

विनेगरचा थेंब टाकून बघा असं सगळेच सांगतात. फसफसलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, एवढंच त्यातून कळतं. संगमरवराचा चुराही फसफसतो! मला एकदा 'मरीन सँड' म्हणून तोच देण्यात आला होता, पांढराशुभ्र, आणि प्रत्येक कण फुटक्या काचेसारखा. गोबी वाळू तोंडात भरून कल्ल्यांवाटे सोडतो, त्याच्या कल्ल्यांचं काय होईल? म्हणून विनेगरनंतर चिमूटभर वाळू ओली करून गालावर हलकेच चोळा. टोचली तर परत करा. याच कारणाने बांधकामाची क्रश सँडही बाद. गोल दाण्याची सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची वाळू मिळाली तर माझी हरकत नाही. त्यातून सिलिकेट सुटून टँकभर तपकिरी शेवाळ होतं ही भीती फुगवलेली आहे, क्वार्ट्झ पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

तसंच उलट बाजूने, अ‍ॅरागोनाइट टँकचा पीएच सांभाळतं यावरही फार विसंबू नका. ८ च्या आसपासच्या पाण्यात ते विरघळायला तयार नसतं. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये (असे दाणे विरघळवायचं भांडं) मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या जवळ आणतात, तेव्हा कुठे ते पाझरतं. वाळू घ्या ती बिळासाठी. पाणी बदलायचं ते बदलावंच लागेल.

आणि हात जोडून सांगतो, दगड आधी, वाळू नंतर. मी वाळूवर दगड ठेवले होते. क्रश्ड कोरलमध्ये का होईना, कोळंबी रोज थोडं थोडं दगडाखालचं उकरत होती. एका रात्री दोनच्या सुमाराला धप्प असा आवाज आला. काच फुटली नाही हे नशीब, पण गोबी त्या दगडाखाली होता. तेव्हापासून माझ्याकडे दगड थेट तळाच्या काचेवर, पीव्हीसी पाइपच्या कापलेल्या तुकड्यांवर टेकवून उभे असतात. हाताने हलवून बघायचे, डुगडुगले तर पुन्हा रचायचे, मगच वाळू. एका दगडाच्या कडेखाली २० मिलिमीटर पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून, पन्हाळीसारखा पालथा पुरून ठेवा, तोंड वर निघेल असा. जोडीला तयार दार मिळालं की पहिल्या रात्रीचा गोंधळ वाचतो.

वाळू तांदळासारखी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत, शेवटचे दोन हात आरओच्या पाण्याने. जिवंत जिवाणू असलेली ओली 'लाइव्ह सँड' मात्र धुवायची नसते. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवा. तरी एक-दोन दिवस दूध दिसेल, घाबरू नका. वेव्हमेकरचं तोंड पाण्याच्या वरच्या थराकडे. टँक सायकल होऊन, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढून, अमोनिया शून्यावर आल्याशिवाय जोडी आणू नका, आणि वर जाळीचं झाकण हवंच, गोबीही उड्या मारतात.

जॉफिशचं उत्तर 'नको' असं आहे, निदान या टँकमध्ये. कॅरिबियनमधला तो मासा मलाही फार आवडतो. बिळावर शेपूट खाली करून तरंगतो, संध्याकाळ झाली की तोंडाने खडा ओढून दार लावून घेतो. पण त्याला १२ ते १५ सेंटिमीटर वाळू लागते, आणि दोन बिल्डर एकाच प्लॉटवर असले की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. हार जॉफिशची होते. हवाच असेल तर कोळंबी-गोबी सोडून त्याच्या एकट्यासाठी टँक करा.

नंतर वाळू ढवळत बसू नका. कोळंबी तिच्या भागात ते काम करते. दगडामागे काळपट पट्टे दिसले तर दिसू देत. कुजक्या अंड्यांचा वास येणारा थर एकदम उकरला तर त्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात सुटतो आणि मासे जातात. वरचं बोटभर सायफनने हलकं ओढलं की पुरे.

सोडल्यावर दोन आठवडे कोळंबी दिसलीच नाही तर मेली समजून दगड उचलायला जाऊ नका. रात्री टँकचे दिवे मालवल्यावर काचेच्या खालच्या भागातून, मोबाइलचा उजेड कागदाने मंद करून बघा. बोगदा बहुतेक काचेला लागूनच असतो. बरणीतला प्रयोग झाला की फोटो टाका, तुकडे कमी पडतायत का ते बघून सांगतो.