मॅटरहॉर्नला जायचंय? उतरणीचा विचार आधी कर

सह्याद्रीतला कातळ तू छान चढतोस, पण मॅटरहॉर्न समजून घेऊन मगच तारीख ठरव. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा हा 4,478 मीटरचा डोंगर. चार दिशांना चार भिंती, त्यांच्यामध्ये चार धारा, म्हणजे डोंगराच्या अरुंद कडा. नेहमीची वाट झेरमाट या स्विस गावाच्या बाजूने, हर्नली धारेवरून जाते.

14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि सहा साथीदार याच धारेने पहिल्यांदा माथ्यावर पोचले. उतरताना साथीदारांपैकी हॅडो घसरला. त्याच्याबरोबर क्रो, हडसन आणि डग्लसही ओढले गेले, दोर तुटला आणि चौघे उत्तर भिंतीवरून खाली गेले. वाचले ते व्हिम्पर आणि टाउगवाल्डर पितापुत्र. हॅडो नवखा होता, हे विसरू नकोस. तीनच दिवसांनी कारेल हा इटालियन गाइड इटलीच्या बाजूने वर पोचला.

हर्नली झोपडी, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा, 3,260 मीटरवर आहे. तिथून पहाटेआधी निघून सुमारे 1,200 मीटर चढायचं असतं. एकेक टप्पा अवघड नाही, पण कातळ सुटा आहे, वाट चुकणं सोपं आहे आणि वेग लागतो. उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो. 4,003 मीटरवरची सोल्वे झोपडी फक्त संकटासाठी आहे, मुक्काम म्हणून ती धरू नकोस.

आधी ब्राइटहॉर्नसारखं सोपं शिखर करून विरळ हवेची सवय कर, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) घालून कातळावर चालायला शीक आणि पहिल्या वेळी स्थानिक गाइड घेच. खर्च मोठा आहे, तरी घे.