वाचकांचे प्रश्न : उतारा कळतो, उत्तर चुकतं

प्रश्न : क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सरावात इंग्रजी उतारे दोनदा वाचूनही उत्तरं चुकतात, वेळ पुरत नाही. काय करू?
– बारावीची विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : अगं, उतारा साधारण ४५० शब्दांचा, पेपर १२० मिनिटांत १२० प्रश्नांचा, दोनदा वाचायला सवड कुठली? एकदाच वाच, पण पेन्सिल घेऊन. प्रत्येक परिच्छेदाशेजारी चार मराठी शब्दांत लिही, लेखक काय म्हणतोय. ‘बट’, ‘हाउएव्हर’ दिसलं की थांब. त्याचं खरं मत बहुधा तिथून सुरू होतं. माझी भाची ‘बरोबर वाटतो’ म्हणून पर्याय निवडायची. उताऱ्यात बोट ठेवून दाखव म्हटलं, की गप्प! चुकीला पाव गुण जातो, बरं का. सावानात, म्हणजे आपल्या १८४० सालच्या वाचनालयात, जाऊन रोज एक इंग्रजी अग्रलेख असाच वाच. शब्दांच्या याद्या घोकणं मात्र मला कधीच पटलं नाही.