खोटा मेल माझ्या नावाने?

प्रश्न: ताई, सर म्हणतात क्लायंटला मेल टाक की टेस्टिंग चालू आहे, खरं तर कोडिंग निम्मंही झालेलं नाही आणि मेल जाणार माझ्या नावाने, काय करू?

उत्तर: अगं, नाव तुझं म्हणजे उद्या अंगाशी येणार तेही तुझ्याच. सरांशी वाद घालत बसू नकोस, सरळ दुसरा ड्राफ्ट पुढे ठेव, 'पाचपैकी दोन मॉड्यूल झालीत, तीन बाकी, नवी तारीख अमुक', आणि विचार हा पाठवू का. बरेचदा बॉसलाही खोटंच हवं असतं असं नाही, वाईट बातमी द्यायची कशी हेच सुचत नसतं. क्लायंट उशीर एकवेळ चालवून घेतो, पण डेमो मागितला की पितळ उघडं पडतं. तरी अडून बसले तर म्हण, सर मग तुमच्याच आयडीवरून जाऊ दे.