विंडोज एक्सपीमधली लॉक झालेली डीएलएल फाइल कशी बदलायची?

तुमचा प्रश्न मला असा कळला. रबाळे एमआयडीसीतल्या युनिटमध्ये वजनकाट्याला सिरियल केबलनं जोडलेला एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. काट्याचा प्रोग्रॅम उघडला की एरर येतो: एमएसव्हीसीआरटी डॉट डीएलएलमध्ये 'एक्सेप्ट हँडलर फोर कॉमन' हा एंट्री पॉइंट, म्हणजे त्या नावाचं फंक्शन, सापडत नाही. (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार फंक्शनांची फाइल.) म्हणून तुम्ही नेटवरून नवी एमएसव्हीसीआरटी उतरवली. ती जुनीवर पेस्ट करताना एकदा 'अॅक्सेस डिनाइड' आलं. दुसऱ्यांदा पेस्ट झाली, पण काही सेकंदांत जुनीच परत आली. आता ती अनलॉक कशी करायची?

अनलॉक करू नका. ती फाइल बिघडलेलीच नाही.

एररमध्ये ज्या फाइलचं नाव येतं तीच दोषी, असं आपण धरून चालतो. इथे उलट आहे. 'एक्सेप्ट हँडलर फोर कॉमन' हे फंक्शन व्हिस्टापासून आलं. एक्सपीच्या एमएसव्हीसीआरटीमध्ये ते कधीच नव्हतं आणि नसायलाच हवं. म्हणजे व्हिस्टा किंवा विंडोज ७ साठी बनवलेली दुसरीच कुठली तरी डीएलएल तुमच्या मशीनवर येऊन बसली आहे आणि ती हे फंक्शन मागते आहे. मागणारा शोधायचा आहे.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच एररवर मी एक अख्खा दिवस घालवला आहे. वागळे इस्टेटमधल्या छोट्या युनिटांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथे एकाकडे अगदी हेच झालं होतं. मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तिथे कुलूप नव्हतं, त्यामुळे विंडोज ७ ची एमएसव्हीसीआरटी बिनबोभाट पेस्ट झाली. डिस्क परत बसवली, तर लॉगिनचा पडदाच येईना. एक्सपीतला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, अगदी लॉगिन करून देणारासुद्धा, या फाइलवर उभा असतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी हातानं चलनं लिहिली, गाडी उशिरा सुटली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तुमच्यावर ती वेळ यायला नको.

जुनी फाइल परत का येते, तेही समजून घ्या. एक्सपीमध्ये विंडोज फाइल प्रोटेक्शन आहे. विंडोजच्या फाइली असतात त्या सिस्टम३२ फोल्डरच्या पोटात डीएलएलकॅश नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती ठेवलेल्या असतात. बाहेरची फाइल दिसली की विंडोज तिथली प्रत काढून गुपचूप जागेवर ठेवतं. त्यानं आत्तापर्यंत तुमचं मशीन वाचवलं आहे.

कशालाही हात लावण्याआधी काट्याच्या प्रोग्रॅमचं फोल्डर आणि डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. जमलं तर अख्ख्या डिस्कची प्रत काढून घ्या. एवढ्या जुन्या डिस्कचा भरवसा नसतो.

मग एररच्या चौकटीची वरची पट्टी वाचा. कोणता प्रोग्रॅम अडतोय त्याचं नाव तिथे असतं. त्या प्रोग्रॅमचं फोल्डर आणि सिस्टम३२, दोन्ही 'डिटेल्स'मध्ये उघडा आणि 'डेट क्रिएटेड' हा रकाना चालू करा. नेहमीचा 'डेट मॉडिफाइड' फसवतो, कारण कॉपी केलेली फाइल आपली जुनी तारीख घेऊनच येते. 'क्रिएटेड'मध्ये मात्र ती या डिस्कवर कधी आली ते दिसतं. एरर सुरू झाला त्या सुमाराच्या डीएलएल बघा. प्रॉपर्टीजमध्ये व्हर्जन तपासा. एक्सपीच्या स्वतःच्या बहुतेक फाइलींचा आकडा ५.१.२६०० नं सुरू होतो, सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा एकत्रित अपडेट) २ असेल तर पुढे २१८० आणि सर्व्हिस पॅक ३ असेल तर ५५१२. मायक्रोसॉफ्टच्या फाइलीवर ६.०.६००० ते ६.०.६००२ दिसलं तर ती व्हिस्टाची, ६.१.७६०० किंवा ६.१.७६०१ म्हणजे विंडोज ७ ची. नुसत्या ६.० वर जाऊ नका, शेल३२ सारख्या एक्सपीच्या काही फाइलीही ६.०.२९०० नं सुरू होतात. (एमएसव्हीसीआरटीचा आकडा ७.० नं सुरू होतो, त्याला घाबरू नका. तिथेही शेवटचे चार आकडेच बघा.) डीडब्ल्यूएमएपीआय डॉट डीएलएल सापडली तर संशय तिच्यावर आधी घ्या. ती व्हिस्टाची आहे, एक्सपीसोबत येतच नाही.

संशयित फाइल डिलीट करू नका, तिच्या नावाला शेवटी 'ओल्ड' जोडा. वापरात असलेली डीएलएल विंडोज पुसू देत नाही, पण तिचं नाव सहसा बदलू देतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. मग रीस्टार्ट करा. माझ्या त्या युनिटमध्ये शेवटी एवढंच करायचं होतं.

ती फाइल एक्सपीचीच असेल आणि तिच्या जागी कुणी विंडोज ७ ची ठेवली असेल, तर मात्र खरी प्रत परत ठेवावी लागेल. ती नेटवर शोधू नका, बहुधा तुमच्याच डिस्कवर आहे. सर्व्हिस पॅक मागाहून टाकला असेल तर विंडोज फोल्डरमध्ये सर्व्हिसपॅकफाइल्स आणि त्यात आय३८६ असतं. तिथली फाइल तुमच्या सर्व्हिस पॅकशी जुळणारी असते. आधी ती डीएलएलकॅशमध्ये ठेवा, मग सिस्टम३२ मध्ये. क्रम उलटा केलात तर चुकीची प्रत परत येऊ शकते.

मशीन सुरूच होत नसेल तर एक्सपीची सीडी लावून 'आर' दाबा, रिकव्हरी कन्सोल उघडेल (विंडोज सुरू न करता कमांड टाइप करून फाइली हाताळायची चौकट). अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ठेवलेला नसेल तर नुसतं एंटर. सीडी सर्व्हिस पॅक २ ची आणि मशीन ३ वर, असं असलं तरी चालेल. सीडीचा उपयोग फक्त आत शिरण्यापुरता करा आणि कॉपी कमांडनं फाइल त्या आय३८६ मधूनच घ्या. सीडीवरची फाइल टाकलीत तर कन्सोल अडवत नाही, पण मशीनमध्ये दोन सर्व्हिस पॅकची भेसळ होते. सीडीला डिस्कच दिसली नाही, तर बायॉसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्क जोडणीची 'साटा' सेटिंग एएचसीआयवर आहे का बघा, ती आयडीईवर न्या.

आणि त्या मशीनची नेटची केबल काढून ठेवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. वजनकाट्याला नेट लागत नाही.

पट्टीवरचं नाव, सर्व्हिस पॅक आणि संशयित फाइलीचं व्हर्जन इथे लिहा. कोणतं नाव बदलायचं ते मी रात्री बघून सांगतो, तोवर उतरवलेली एमएसव्हीसीआरटी डेस्कटॉपवरून काढून टाका.