वाचकांचे प्रश्न : बीटमेकर कुठे थांबतो, प्रोड्युसर कुठे सुरू होतो?

हिप-हॉपच्या निर्मितीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी बीट्स (रॅपखालचं तयार संगीत) बनवून ऑनलाइन विकतो. त्यावर गाणीही झाली आहेत. तरी ‘तू नुसता बीटमेकर, खरा प्रोड्युसर नाहीस’ असं ऐकावं लागतं. फरक कशात असतो? सॉफ्टवेअरमध्ये, वाद्य वाजवता येण्यात की अनुभवात?

उत्तर : तिन्हींत नाही. तुमच्या बीटवर रॅपर माइकसमोर उभा राहतो तेव्हा ‘दुसरा व्हर्स (कडवं) लांबलाय’, ‘हुक (ध्रुवपद) आधी आण’, ‘हा टेक (रेकॉर्डिंगची एक फेरी) पुन्हा घे’ हे सांगायची जबाबदारी कोणाची असते, एवढंच बघा. ज्याची असते तो त्या गाण्याचा प्रोड्युसर. फाइल पाठवून तुम्ही मोकळे झालात आणि गाणं बाहेर पडल्यावर इतरांसोबतच ऐकलंत, तर त्या गाण्यापुरते तुम्ही बीटमेकर. त्यात कमीपणा काही नाही. चांगला बीट बनवणं ही स्वतंत्र कारागिरी आहे आणि उत्तम प्रोड्युसर म्हणवणाऱ्या कित्येकांना ती जमत नाही.

घोळ होतो तो श्रेयनामावलीमुळे. हिप-हॉपमध्ये बीट बनवणाऱ्यालाच सरसकट ‘प्रोड्यूस्ड बाय’ मिळतं, कारण सुरुवातीच्या काळात ड्रम मशीन चालवणारा आणि रॅपरला हाताशी धरून गाणं पुरं करून घेणारा माणूस बहुधा एकच असे. आता बीट ईमेलने येतो, गाणं दुसरीकडे होतं, पण श्रेय द्यायची पद्धत जुनीच राहिली आहे. उलट बाजूचं उदाहरण प्रोड्युसर रिक रुबिनचं. रॅपर एलएल कूल जेच्या १९८५च्या पहिल्या अल्बमवर रुबिनच्या नावापुढे ‘प्रोड्यूस्ड’च्या जागी ‘रिड्यूस्ड बाय’ असं छापलेलं आहे. काय काढून टाकायचं ते ठरवणं, हेच त्याचं काम होतं. रॅपर-प्रोड्युसर डॉ. ड्रेच्या गाण्यांतही की-बोर्ड, बास अनेकदा दुसऱ्यांनी वाजवलेले असतात. निवड, आवाजाचे टेक पुन्हा पुन्हा घेणं आणि मिक्स (सगळे आवाज एकत्र बसवणं) यांवर त्याचा शिक्का असतो.

‘खरा प्रोड्युसर’ हा शब्द बहुतेक वेळा समोरच्याला खाली दाखवायलाच वापरतात, तेव्हा तो मनावर घेऊ नका. तोच माणूस एका गाण्यात बीटमेकर आणि पुढच्या गाण्यात प्रोड्युसर असू शकतो.

प्रश्न : लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) ऐकायला जबरदस्त वाटतो, पण मिनिटभराने गाणं कंटाळवाणं होतं. थर वाढवले तर गर्दी होते. काय करावं?

उत्तर : आधी हिशेब बघा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचा एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे चार बारचा लूप पावणेअकरा सेकंदांत संपतो. इंट्रो ४ बार, व्हर्स १६, हुक ८, व्हर्स १६, हुक ८, मग वेगळा ८ बारचा तुकडा, शेवटचा हुक ८ आणि शेवट ४, असे ७२ बार धरले तर गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं होतं आणि तुमचा लूप त्यात अठरा वेळा फिरतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कानाला तो पाठ झालेला असतो.

तुम्ही करताय ती चूक सगळेच करतात : दर आठ बारला एक नवा थर. दुसऱ्या व्हर्सपर्यंत घर भरतं आणि शेवटच्या हुकला वाढवायला काही उरत नाही. उलटं करा. सगळ्यात भरलेला हुक आधी पूर्ण बनवा, तोच संपूर्ण ७२ बारवर पसरा आणि मग काढत चला. पहिल्या व्हर्सच्या पहिल्या आठ बारना ड्रम, बास आणि एकच सुरेल गोष्ट ठेवा. पुढच्या आठ बारना हाय-हॅट (ड्रमची झांज) दाट करा किंवा सॅम्पलचा (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या आवाजाचा) दुसरा तुकडा आणा. हुकच्या आधीच्या बारमध्ये शेवटच्या दोन मात्रांना किक (ड्रमचा खालचा ठोका) काढा. दुसरा व्हर्स पहिल्यासारखाच सुरू करू नका. तिथे चार बार नुसत्या बासवर काढून ड्रम पाचव्याला सोडता येतात.

पण हा सांगाडाच. बीट कुठे तोडायचा ते शब्द ठरवतात. रॅपरची सगळ्यात जोरकस ओळ बाराव्या बारच्या चौथ्या मात्रेवर पडत असेल, तर त्या एका मात्रेपुरते ड्रम गप्प हवेत. ती ओळ रेकॉर्ड होण्याआधी हे कुणालाच कळणार नाही. म्हणून आवाज आल्यावर बीट पुन्हा उघडावा लागतो, आणि नुसता बीट विकणाऱ्याला नेमकी तीच संधी मिळत नाही.

प्रश्न : रॅपर म्हणतात, तुझ्या बीटमध्ये आम्हाला जागाच नाही. मिक्समध्ये हे सुधारता येईल का?

उत्तर : थोडंफार. आधी मुख्य सुरावट म्यूट करून रॅपरला बोलू द्या. त्याला लगेच मोकळं वाटलं तर दोष मिक्सचा नाही, रचनेचा आहे. ती सुरावट फक्त हुकमध्ये ठेवा, किंवा व्हर्समध्ये दर चौथ्या बारच्या शेवटी, जिथे रॅपर श्वास घेतो तिथे, दोन-तीन स्वरांपुरती.

रचना ठीक असेल तर फ्रिक्वेन्सी बघा. शब्दांचा स्पष्टपणा, विशेषतः व्यंजनं, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. की-बोर्ड आणि सॅम्पलमधून तिथले २-३ डीबी रुंद पट्ट्यात कमी करा. बहुतेक जण आवाजच तिथे वाढवतात, मग तो कर्कश होतो आणि ‘स’ टोचायला लागतो. ग्राहकाला चटकन आवडावा म्हणून बीट लिमिटरने (आवाजाची कमाल पातळी अडवून धरणाऱ्या साधनाने) छतापर्यंत चढवलेला असेल तर आवाजाला वर डोकं काढायला जागा उरत नाही. अशा वेळी सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) मागवा. फक्त स्टिरिओ फाइल असेल तर ती ६ डीबी खाली ओढून मगच आवाज ठेवा.

राहिली पट्टी, जिच्याकडे बीटमेकर सहसा बघतच नाहीत. हुक गायचा असेल आणि रॅपरचा गळा ताणत असेल, तर बीट दोन सेमीटोन (अर्धस्वर) खाली घ्या. पण त्याबरोबर ८०८चा (त्याच नावाच्या ड्रम मशीनच्या ठोक्यातून आलेला खोल) बासही खाली जातो. एफ स्वर ४३.७ हर्ट्झवर आहे, दोन सेमीटोन खालचा ई फ्लॅट ३८.९ वर, आणि बऱ्याच स्पीकरांवर तो नुसता हवेचा झोत उरतो. तिथे बासची ओळ नव्याने बांधावी लागते, काही स्वर सप्तकभर वर न्यावे लागतात. सॅम्पलचा लूप दोन-तीन सेमीटोनपेक्षा जास्त सरकवला तर त्याचा पोतच बदलतो. हे सगळं रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. नंतर आवाजाची पट्टी बदलली की तो खोटा वाटतो.

प्रश्न : आवाज रेकॉर्ड होत असताना प्रोड्युसर नेमकं काय करतो? मी तर रेकॉर्डचं बटण दाबून बसून राहतो.

उत्तर : बटण दाबण्याआधीची कामं आधी. माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, २४ बिट, आणि सगळ्यात मोठ्या आवाजालाही मीटर उणे १० डीबीच्या आसपास. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल्सवर आणा. ४८ किलोहर्ट्झला तेवढ्या बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. मिक्स करताना ठेवलेला १०२४चा बफर तसाच राहिला तर त्याचाच उशीर २१ मिलिसेकंद. सॉफ्टवेअरमधून ऐकणाऱ्या रॅपरला स्वतःचा आवाज मागून येतो, तो लयीत रेंगाळतो, आणि बोल त्यालाच लागतात. हेडफोनमध्ये बीट फार मोठा ठेवू नका, नाहीतर तो ओरडायला लागतो.

मग तीन-चार टेक पूर्ण व्हर्सचे, मध्ये न थांबवता. ओळी छापलेला कागद हातात घ्या, प्रत्येक ओळीसमोर कोणत्या टेकमध्ये ती चांगली आली ते लिहा. जिथे एकाही टेकमध्ये ओळ जमली नाही तिथेच पंच-इन (तेवढ्याच जागेचं पुन्हा रेकॉर्डिंग) करा, आणि तेही एक ओळ आधीपासून बोलायला लावून. सुरुवातीपासून ओळ-ओळ तोडून घेतलं तर प्रत्येक ओळ ताज्या दमाने सुरू होते, शेवटाला उतरते, आणि सोळा बार सोळा तुकड्यांसारखे ऐकू येतात. एखाद्या ओळीला सगळ्याच टेकमध्ये दम कमी पडत असेल तर दोष गळ्याचा नाही, लिखाणाचा आहे. दोन शब्द गाळायला सांगा, किंवा ओळीची शेपटी वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

डबल्स (तेच बोल दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून वर ठेवणं) पूर्ण व्हर्सचे नकोत. यमकाचे शब्द आणि जोर द्यायच्या जागा पुरेशा. दोन आवाजांतली ‘त’, ‘ट’, ‘स’ ही अक्षरं २०-३० मिलिसेकंदांनी चुकली की शब्द अडखळल्यासारखा वाटतो. ती जुळवा, नाहीतर डबल बोलताना ती व्यंजनं गिळायला सांगा.

आणि ‘जरा एनर्जी दे’ ही सूचना बाद करा. तिचा अर्थ रॅपरला कळत नाही, तो फक्त मोठ्याने बोलतो. ‘तिसऱ्या ओळीत स्नेअरच्या (ड्रमच्या कडक ठोक्याच्या) आधी पोचतोयस, मागे राहा’, ‘शेवटचा शब्द खाल्लास’, ‘ही ओळ एका माणसाला सांगतोयस, गर्दीला नाही’ अशा सूचनांवर पुढचा टेक खरोखर बदलतो.

प्रश्न : माझे ड्रम यंत्रासारखे वाटतात. स्विंग (मधले ठोके मुद्दाम उशिरा सरकवणं) किती ठेवावा?

उत्तर : हे निखळ बीटमेकरचं काम, आणि ते आकड्यांत समजून घेतलेलं बरं. ९० बीपीएमला सोळाव्यांची (पाव मात्रांची) एक जोडी ३३३ मिलिसेकंदांची. स्विंग ५० टक्के म्हणजे दोन्ही सारखे, १६७-१६७. ५८ टक्क्यांना दुसरा सोळावा १९३व्या मिलिसेकंदाला पडतो, म्हणजे साधारण २७ मिलिसेकंद उशिरा. ६६ टक्क्यांना तो ५३ मिलिसेकंद मागे जातो आणि तिश्र लय येते. रॉजर लिनने आखलेल्या १९८८च्या अकाई एमपीसी-६० या ड्रम-सॅम्पलर यंत्रापासून अनेकांचा कान या टक्केवारीतच तयार झाला. ५४ ते ६० मध्ये शोधा.

सगळ्या ड्रमना एकच स्विंग देऊ नका, ते पुन्हा यंत्रच झालं. हाय-हॅटला स्विंग, किक हाताने पॅडवर वाजवलेली, स्नेअर ५ ते १० मिलिसेकंद मागे. सॅम्पलच्या लूपला त्याचा स्वतःचा झोका असेल तर आधी तो ऐका आणि हॅट त्याला जुळवा.

प्रश्न : फोनवर माझा ८०८ गायब होतो.

उत्तर : फोनचा स्पीकर तेवढं खाली वाजवतच नाही. बास कितीही मोठा करा, फक्त मिक्स चिखल होईल. ८०८वर सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या, म्हणजे १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात त्याचे वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) येतात आणि कान मूळ स्वर ओळखतो. किक आणि ८०८ एकाच क्षणी वाजत असतील तर साइडचेनने (किक वाजताच बास आपोआप दबवणाऱ्या जोडणीने) ८०८ तीन-चार डीबी दाबा, रिलीज (पूर्ववत व्हायचा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास.

प्रश्न : सॅम्पल वापरलेल्या बीटची परवानगी कोणी घ्यायची, बनवणाऱ्याने की गाणं काढणाऱ्याने?

उत्तर : ते करारात लिहा. लिहिलं नसेल तर दोघेही अडकतात. अमेरिकेत १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने गायक गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या गाण्याला मनाई केली. तेव्हापासून मोठ्या कंपन्या परवानगी हातात आल्याशिवाय सॅम्पल असलेलं गाणं काढायला कचरतात.

परवानग्या दोन लागतात : रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. तीच सुरावट स्वतः वाजवून घेतली तर पहिली टळते, दुसरी टळत नाही. सॅम्पल पॅकमधला लूप घेतला असेल तर परवाना वाचा. शिवाय तोच लूप इतरांनीही घेतलेला असतो, आणि व्हिडिओ साइटची यंत्रणा तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा लावू शकते. काय, कुठून घेतलं याची यादी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. बीटमेकर ती देत नसेल तर प्रोड्युसरने मागावी.

प्रश्न : बीट माझा, पण रेकॉर्डिंग, मांडणी, मिक्स सगळं दुसऱ्याने करून घेतलं. नाव कोणाचं लागणार?

उत्तर : दोघांचं, सह-प्रोड्युसर म्हणून किंवा ‘बीट’ आणि ‘प्रोड्युसर’ अशा दोन ओळींत. पैसे येण्याचे मार्ग मात्र दोन आहेत आणि ते मिसळू नका. रचनेत संगीताला अर्धा आणि शब्दांना अर्धा हिस्सा ही अमेरिकेतली रूढ पद्धत. लूप तिसऱ्याने दिला असेल तर त्याचा वाटा संगीताच्या अर्ध्यातून जातो. रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतले प्रोड्युसरचे ‘पॉइंट्स’, साधारण ३ ते ५ टक्के, ही वेगळी गोष्ट. ज्याने फक्त बीट दिला आणि ज्याने गाणं पुरं केलं, त्यांच्यात हे कसे वाटायचे ते रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चाललं की कोणालाच काही आठवत नाही.

पुढच्या वेळी फाइल पाठवाल तेव्हा सुटे ट्रॅक पाठवा : सगळे पहिल्या बारच्या शून्यापासून सुरू होणारे, २४ बिट वेव्ह, मास्टरवरचा लिमिटर बंद, फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी. सोबत दोन ओळी लिहा, दुसऱ्या व्हर्सला काय काढता येईल याच्या. समोरचा त्यावर वाद घालायला लागला, की तुम्ही त्या गाण्याच्या कामात आलात.